बोट लावायचं न्हाय

"बोट लावायचं न्हाय, नुजू. वाळल्यागत दिसतंय, पण वाळलेलं नसतंय."

वीस वर्षं झाली तरी ही हाक नुजहतच्या कानातून गेली नव्हती. तेव्हा ती सहा-सात वर्षांची. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या खोलीमागं पत्र्याचं शेड होतं आणि तिचा बाप दिलदार तिथं मोटारसायकलच्या टाक्या रंगवायचा. एकदा त्यानं एका टाकीवर आरशासारखी चांदी चढवली. पोरगी त्यात आपलं तोंड बघत बसली. तिनं जीभ काढली, टाकीतल्या पोरीनंही काढली, आणि त्या जिभेला शिवायला हिनं बोट पुढं केलं. बापाची हाक पोचेपर्यंत बोट टेकलंही होतं. चांदी बोटाला आली आणि टाकीवर काळा ठिपका उमटला.

नुजहत रडू लागली. तिला वाटलं, आपल्या बोटातच काहीतरी वाईट आहे.

दिलदारनं तिचं बोट थिनरच्या चिंधीनं पुसलं. "तुझ्या बोटात काय न्हाय गं बाय," तो म्हणाला, "खाली काळंच असतंय. आधी काळा रंग, काचेगत घोटलेला. त्याच्यावर चांदी नुसती भुरभुरल्याली असती, पीठ चाळल्यागत. वरनं क्लिअर मारला, की मग ती धरून ऱ्हाती. तवर तिला कुणी शिवायचं न्हाय."

क्लिअर म्हणजे सगळ्यात वरचा, पाण्यासारखा आरपार थर. पोरीला तेव्हा त्यातलं निम्मंच कळलं. पण हाक राहिली.

तीच हाक त्या गुरुवारी तिला पुन्हा ऐकू आली. गडमुडशिंगीच्या माळावर, विमानतळाच्या कुंपणाजवळ, दोन-अडीचशे माणसांच्या दाटीत ती उभी होती. पुढं पत्र्याचा मांडव, मांडवात पाट, पाटावर लाल मखमल आणि मखमलीवर कळस. घागरीएवढा, वर निमुळता होत गेलेला, इतका लख्ख की सगळी गर्दी त्यात वाकडीतिकडी होऊन दिसत होती. कळसामागं भगव्या शालीत बसलेल्या माणसाला लोक कळसबाबा म्हणत.

"पावणं, ह्यो कळस कुणी घडवलेला न्हाय," बाबा सांगत होता. आवाज गुळात बुडवून काढल्यासारखा. "पुष्पक विमान वरनं चाललं हुतं. ह्या माळावर आलं, जरा वाकलं, आन् कळस सुटला. आमच्या पुढ्यात येऊन उभा ऱ्हायला. मखमलीसकट उचलला तर फुलागत हाय. एवढी चांदी अशी हलकी असती व्हय? म्हंजे ही चांदी न्हवं. हे तेज."

"हितनं तर रोज इमानं जात्यात की," मागून एक म्हातारा बोलला.

"ती तेलावर चालत्यात, आजोबा. हे पुण्याईवर चाललेलं."

लोक हसले, म्हाताराही हसला, आणि शंका तिथंच विरून गेली.

रांग पुढं सरकत होती. प्रत्येकाला बाबा आधी घरचं सुखदुःख विचारायचा. मग मखमलीसकट कळस जरासा फिरवायचा आणि म्हणायचा, "ठेवा हात." कुणाचा हात निघाला तरी चांदी तशीच. त्याला बाबा म्हणायचा, "निर्मळ." कुणाच्या हाताखाली मात्र काळा पंजा उमटायचा. "बाधा," बाबा हळूच म्हणायचा, जणू त्यालाच वाईट वाटलंय. "अकरा गुरुवार या. डाग उजळला की दुखणं गेलं. तवर दवापाणी बंद. सुई तर न्हाईच न्हाई. सुई टोचली की बाधा रगतात शिरती."

नुजहत इथं आली होती ती आदितीसाठी.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक छोटा कारखाना होता. विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबांची दोन-चार माणसं बसतील एवढी विमानं असतात. त्यांच्या बारीकसारीक भागांना तिथं चांदीसारखा चमकता रंग चढायचा. दिलदार तिथला जुना कारागीर, नुजहत त्याच्या हाताखाली तयार झालेली. आदिती ऑफिसात बसून चलनं आणि नोंदी लिहायची. दोघी रोज एका डब्यातून जेवायच्या, आणि तो डबा यायचा गडमुडशिंगीहून, आदितीच्या आईच्या, अंजनाच्या हातचा. हे जैन शेतकरी घर मूळचं कानडी सीमेकडचं, म्हणून आदिती आईला अव्वा म्हणायची, आणि नुजहत अक्का. सुट्टीच्या दिवशी नुजहत तिकडं गेली की अंजनाक्का भाकरी थापता थापता गुणगुणायची:

काळी माझी चंद्रकळा, तिला रुपेरी किनार
लेकीच्या डोळ्यामंदी माझं उजळे शिवार

आषाढात अंजनाच्या छातीत चिंचोक्याएवढी गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी सुईनं तपासणी करायला सांगितलं. त्याच आठवड्यात शेजारणींबरोबर ती कळसाला हात लावून आली, आणि काळा पंजा उमटला. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांनी असल्या नादाला लागू नका म्हणून बजावलं होतं. नवरा कल्लाप्पा चार दिवस धुसफुसला. आदिती रडली, भांडली, मांडवात पाय ठेवणार नाही म्हणाली. पण काळा पंजा अंजनानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. अकरा गुरुवार झाले. बाबा म्हणाला, डाग फिका पडलाय, आणखी अकरा करा. आता पंधरावा होता. अंजनाचं गुणगुणणं बंद झालं होतं आणि डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"तू एकदा बघून तरी ये," आदिती म्हणाली होती. "मी तिथं गेले तर मला नुसता राग येईल. तू शांत डोक्यानं बघशील."

नुजहत शांत डोक्यानं बघायला आली होती. आधी नाकानं बघितलं. उदाच्या धुराखाली एक ओळखीचा वास होता.

"हा गंध घ्या," बाबा म्हणत होता. "ह्यो ऊद न्हवं. हा वरच्या वाऱ्याचा सुगंध."

थिनर, नुजहत मनात म्हणाली.

मग ती रांगेच्या कडेनं पुढं सरकली आणि तिला रेघ दिसली. कळसाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत. रेघेच्या एका अंगाची चांदी किंचित दुधाळ, ओली वाटणारी. दुसऱ्या अंगाची कोरडी आणि जास्तच झगझगीत. क्लिअर मारता मारता कुणाचा तरी हात अर्ध्यावर थांबला होता. बुडाशी, स्क्रूच्या भोकापाशी, केसाएवढी चीर होती. बाबा त्या चिरेला भांगाची रेघ म्हणायचा आणि त्यावर कुंकू लावायचा.

ती चीर नुजहतनं वर्षापूर्वी बापाच्या टेबलावर बघितली होती.

कारखान्यात त्या भागाला नाक म्हणत. विमानाच्या पंख्याच्या मधोमध बसणारं टोपण. दिलदार क्लिअर मारत असताना चांदीत त्याला केस दिसला. चिमटीनं काढायला गेला तर तो केस नव्हता, चीर होती. अशा भागाचे आरीनं दोन तुकडे करून मगच भंगारात टाकायचे, हा तिथला नियम. चुकूनही कुणी तो परत विमानाला लावू नये म्हणून. दिलदारनं सांगितलं, कापलं. आदितीनं वहीत लिहिलं, कापून भंगारात.

माळावरून परतल्यावर त्याच संध्याकाळी नुजहतनं चहाचा कप बापापुढं ठेवला. "अब्बा, मागल्या वर्षीचं ते चीर पडलेलं नाक. कापलं होतं तुम्ही?"

"कापलं की."

"अब्बा."

दिलदारनं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "न्हाय कापलं," तो म्हणाला. "आरी लावली हुती. त्यात माझंच तोंड दिसलं. नुजू, तसलं काळं माझ्या हातनं जन्मात दुसऱ्यांदा बसलं नसतं. हात चालंना."

"मग कुठं गेलं?"

"पृथ्वीराज आलता. गणपतीच्या देखाव्यांची सजावट करतोय त्यो. मंडळाला कायतरी चमकणारं द्या म्हणाला. दिलं. फुडचं मला काय म्हाईत." शेवटचं वाक्य त्यानं भिंतीकडं बघून म्हटलं.

"म्हणजे तोंड ओळखीचं वाटलं ते उगाच नाही. पृथ्वीराजच कळसबाबा झालाय. अर्ध्या अंगाला हात लावला की काळं पडतंय, हे त्याला देखाव्यातच कळलं असणार. अब्बा, अंजनाक्का पंधरा गुरुवार तिथं जातेय. मी बोलणार आहे."

"तू कशाला?" दिलदार घाईघाईनं म्हणाला. "गाव त्यांचं, भक्ती त्यांची. आपल्या तोंडनं गेलं की त्येचं भलतंच हुतंय. माझं कामबी जाईल."

"भक्तीला मी काही म्हणत नाही. ते नाक आहे, अब्बा. तुम्ही रंगवलेलं."

बापानं निवलेला चहा मोरीत ओतला.

पुढचे तीन दिवस नुजहत जुन्या शेडमध्ये आदितीच्या डब्याचं झाकण घेऊन बसली. काळा रंग मारला, घोटला, वाळू दिला. चांदी मारताना दारात सावली पडली. दिलदार उभा होता.

"अजून लांबनं मार," तो म्हणाला. "चांदी जवळनं मारली की करपती."

नुजहतनं हात मागं घेतला. चांदी धुक्यासारखी उतरली. ती वळून बघेपर्यंत तो निघून गेला होता.

सोळाव्या गुरुवारी अंजना रांगेत पहिली होती. शेजारी कल्लाप्पा, मागं आदिती, ओठ घट्ट मिटून. नुजहतनं पिशवीतून झाकण काढलं.

"अक्का, हे ओळखा बघू."

"आमच्या डब्याचं झाकण न्हवं?" अंजना म्हणाली. "चांदीचं कवा झालं गं हे?"

"परवा. मी केलं. ह्या बाजूला हात ठेवा."

"नगं बाई. पुन्ना काळं पडंल."

"पडू द्या."

अंजनानं हात ठेवला आणि उचलला. झाकणावर काळी बोटं उमटली. गर्दीत कुजबुज झाली. बाबा पुढं झुकला. "बघितलंसा? बाधा एवढी जबर, झाकणालाबी कळलं."

"आता तोच हात, अक्का, ह्या दुसऱ्या बाजूला. रगडा. पदरानं पुसा."

अंजनानं रगडलं, पुसलं. चांदी हलली नाही.

"एकच बाई, एकच हात," नुजहत म्हणाली. "मग बाधा डाव्या अंगाला आहे आणि उजव्या अंगाला नाही, असं कसं? बयाबाई, तुम्ही या जरा. तुमचा हात सोन्याचा म्हणाले होते ना महाराज?"

बयाबाई सत्तरीची. दर गुरुवारी पहिल्या ओळीत बसायची आणि आपला निर्मळ हात सगळ्यांना दाखवायची. ती ऐटीत आली, झाकणाच्या कच्च्या बाजूला अंगठा टेकला, आणि अंगठ्याएवढं काळं बघून थिजली.

"का रं मुडद्या," ती बाबाला म्हणाली, "माझा हात सोन्याचा म्हणला हुतास की."

"आजी, झाकण खोटं हाय. कळस खरा हाय."

"मग कळसाला तुम्हीच हात लावा, महाराज," नुजहत म्हणाली. "त्या कोरड्या बाजूला."

"माझा स्पर्श झाला तर कळस वितळंल." बाबाचा आवाज चढला. "आन् तू कोण गं? नाव काय तुझं? सांग की सगळ्यास्नी. मोठ्यानं सांग."

नुजहतनं झाकण खाली घेतलं. बाप कशाला भीत होता ते तिला आता उमगलं. "नुजहत," ती म्हणाली. "नुजहत दिलदार."

"ऐकलंसा?" बाबा गर्दीकडं वळला.

तेव्हा कल्लाप्पा बोलला. आजवर त्याला चारचौघांत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "नाव इचारू नगंस," तो म्हणाला. "झाकणाचं बोल."

बाबा मखमलीचं टोक कळसावर ओढू लागला. बयाबाई मात्र पाटापाशी गेली आणि इरकलीच्या पदरानं कळसाची कोरडी बाजू खसाखसा पुसली. चांदी पदराला आली आणि कळस त्या अंगानं पार काळा झाला. तिनं पदर उजेडात धरला. "हे व्हय रं तुझं तेज? लुगडं खराब केलंस माझं."

आदितीनं मागचा पडदा ओढला. पडद्याआड चांदी फवारायचे दोन डबे होते, थिनरची बाटली आणि चिंध्या. डब्यांवर हार्डवेअरच्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती. "डाग फिका पडतो तो असा, अव्वा," ती म्हणाली. "आणि हे नाक भंगारात गेलं म्हणून वहीत मीच लिहिलंय. माझ्या अक्षरात. न बघता."

मग नुजहतनं सगळं सांगितलं. खाली काळा रंग, वर चांदीची भुकटी, अर्ध्या अंगाला क्लिअर आणि अर्ध्याला नाही. हात लावण्याआधी बाबा कळस का फिरवतो ते. हलकं का, तर ॲल्युमिनियमचं आहे म्हणून. "हे खरंच विमानाचं आहे," ती म्हणाली, "एवढं एकच ते खरं बोलले. देव मानायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी चमत्कार दाखवला तर त्याला विचारा, ही वस्तू कुणी केली, कशी केली, आणि दुसऱ्याच्या हातात का देत नाहीस. विचारल्यानं खरं काही मोडत नाही. आणि गाठ असेल तर ती डॉक्टरला दाखवा. काळ्या रंगाला तुमच्या छातीतलं काही कळत नाही."

लोक एकेक करून चपला शोधू लागले. एक बाई पाय अधू असलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसलीच होती. तिला उठायचं कशासाठी तेच कळत नव्हतं. नुजहत तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. लिहिताना तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी जादूटोणा विरोधी कायद्याखाली तक्रार नोंदवायला कल्लाप्पा स्वतः गेला. पृथ्वीराज तोवर शाल टाकून पळाला होता. कळस त्याला नेता आला नाही. कारखान्यात तो आरीखाली गेला आणि आदितीनं या वेळी दोन्ही तुकडे हातात घेऊन मग नोंद केली.

अंजनाची तपासणी झाली. आषाढातला चिंचोका आता लिंबाएवढा झाला होता आणि काखेतही एक गाठ होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "उपचार आहेत," त्या म्हणाल्या. "लांबचे आहेत. चार महिने आधी आला असता तर वाट सोपी असती, एवढंच मी सांगू शकते."

दुसऱ्यांदा औषध चढवलं त्या दुपारी दिलदार दवाखान्यात आला. हातात मोसंब्यांची पिशवी. अंजना उशीला टेकून बसली होती. आदिती तिची वेणी घालत होती, आणि कंगव्यात येणारे केस आईला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवत होती. अंजना हळू आवाजात गुणगुणत होती. काळी माझी चंद्रकळा एवढंच. किनारीपाशी तिचा दम संपायचा.

"या दिलदारभाऊ, बसा," ती म्हणाली. "तुमच्या लेकीनं डोळं उघडलं बघा आमचं. लई गुणाची हाय. तुमीच शिकवल्यालं सगळं."

दिलदार बसला नाही. नुजहतनं पिशवी घेतली तरी त्याचा हात तसाच पुढं राहिला.

"अंजनाक्का," तो म्हणाला, "आषाढात मी आलतो मुडशिंगीला. कळसाचं लई ऐकलं म्हणून बघायला आलतो."

वेणी घालणारा हात थांबला.

"लांबनंच वळखलं. माझंच काळं हुतं ते." त्यानं ओठ ओले केले. "रांगंत तुमी हुतासा. माझ्या म्होरं, चार माणसं सोडून. तुमचा हात वर गेलेला मी बघितला. हाक मारणार हुतो, बोट लावू नगा म्हणून. तोंडापतूर आलती."

त्यानं नुजहतकडं बघितलं, मग अंजनाकडं.

"न्हाय मारली."